बेस्तरवारची बोट

आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात देव्हारा नव्हता, त्यामुळे भूतही नव्हतं. माझे वडील, अण्णा, मुखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची एक लहान पितळी मूर्ती आणि पुस्तकांची रॅक, आमच्या घरातलं पवित्र ते एवढंच. तिठ्यावर कुणी उतारा टाकलेला दिसला की अण्णा त्यातलं लिंबू उचलून घरी आणायचे आणि आई "अहो, राहू द्या ते" म्हणेपर्यंत वरणावर पिळून मोकळे व्हायचे. आम्ही तिघं भावंडं तसलं वरण खाऊन वाढलो. कुणाला साधी शिंक आली नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते करमणूक म्हणून... आणि खरं सांगायचं तर काही वाचून हसलोही आहे.

आता हसायची पाळी तुमची. हसा, माझी हरकत नाही. मला फक्त एकदा हे सगळं क्रमानं लिहून काढायचं आहे.

मी मिलिंद. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सध्या नांदेडला. घटना सहा वर्षांपूर्वीची आहे आणि ती इथली नाही, वेस्ट इंडीजमधली आहे. पण तिच्यातली माणसं इथलीच — मी मुखेडचा, आणि विश्वा लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा.

विश्वा म्हणजे विश्वंभर. लातूरला डीएमएलटी करताना आम्ही एका खोलीत राहायचो. पहिल्याच वर्षी तो मला मुरुडला घरी घेऊन गेला. त्याच्या आजोबांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या कपातून, मला कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपातून. मला हे नवीन नव्हतं. मी कप उचलणार तेवढ्यात विश्वानं तो माझ्या हातातून काढून घेतला, आपला स्टीलचा कप मला दिला आणि आजोबांकडे बघत तो तुटका कप तोंडाला लावला. त्यानंतर पुढची नऊ वर्षं तो मला भावापेक्षा जवळचा होता. अण्णा गेले तेव्हा नांदेडहून ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्या पायाशी बसून आला तो विश्वा. माझ्या आईला तो काकू म्हणायचा आणि परवानगी न घेता तिच्या स्वयंपाकघरातली भांडी उघडायचा.

बाहेर आधी तो गेला. सेंट व्हिन्सेंट नावाच्या बेटावर एका खासगी लॅबमध्ये त्याला काम लागलं आणि दोन वर्षांनी त्यानं मला बोलावून घेतलं. वेस्ट इंडीज आम्हाला माहीत ते क्रिकेटपुरतं. तिथं जाऊन कळलं की तो काही एक देश नाही. सेंट व्हिन्सेंट हे मोठं बेट, आणि त्याच्या दक्षिणेला दाणे सांडल्यासारखी छोटी छोटी बेटं. या बेटावरून त्या बेटावर लोक फेरीबोटीनं नाहीतर आठ-नऊ सीटच्या इवल्याशा विमानानं जातात. आपण मुखेडहून नांदेडला एसटीनं जातो ना, अगदी तसंच. बोटीत कोंबड्या, गॅसच्या टाक्या, केळीचे घड, शाळेच्या मास्तरणी, सगळे एकत्र. पहिल्या महिन्यात मला फार मजा वाटली होती त्याची.

शेजारच्या बेटाचं नाव इंग्रजीत वेगळंच लिहितात, पण म्हणतात बेक्वे. किंग्सटाउनच्या बंदरातून तासाभराचा प्रवास. बेक्वेला आमच्या लॅबची एक खोली होती. दर गुरुवारी सकाळी साडेसहाच्या फेरीनं एकानं जायचं, तिथल्या लोकांच्या रक्ताची सॅम्पल घ्यायची, आइसबॉक्समध्ये भरायची आणि दुपारच्या फेरीनं परत यायचं. हे काम विश्वाचं. मी मशीनवर. दोन वर्षांत मी फार तर तीनदा बेक्वेला गेलो असेन, तेही फिरायला, त्याच्याबरोबर.

त्या सुमाराला विश्वाला लातूरला मुलगी झाली होती. दोन महिन्यांची. त्यानं ती अजून फक्त मोबाईलच्या स्क्रीनवर पाहिली होती. रोज व्हिडिओ कॉल. पोरगी झोपलेली असली तरी बायकोला म्हणायचा, फोन धरून ठेव तिच्या तोंडासमोर. मी चिडवायचो.

एका गुरुवारी तो बेक्वेहून परतला तो पांढराफटक पडून. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, समुद्र लागला. पुढचे आठ दिवस त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं. मी काहीतरी विचारावं आणि त्यानं भलतंच उत्तर द्यावं, असं चाललं होतं. मला वाटलं, पोरीची आठवण येत असेल.

बुधवारी संध्याकाळी मी भाजी चिरत होतो. तो दारात उभा राहिला.

"मिल्या, उद्या बेक्वेला तू जातोस का?"

"काहून? तुला काय झालं?"

"पोट बरं न्हाई."

"बरं. जातो की."

एवढंच बोलणं. नऊ वर्षांची दोस्ती, यापेक्षा जास्त बोलायची गरजच नव्हती. तो तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "खालच्या डेकवर बस. वर लई हालतंय, उलटी होईल तुला."

"हाव बाबा," मी म्हणालो.

सकाळी मी उठलो तेव्हा त्याचा चहा करून झाला होता. पोहे केले होते. पोट बरं नसलेल्या माणसानं पोहे कशाला करावेत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी बूट घालत होतो तर आइसबॉक्स त्यानं स्वतः दारापर्यंत आणून ठेवला. मी म्हणालो, "येतो रे." आपल्याकडे यावर समोरचा माणूस "ये" म्हणतो, तोंडातून आपोआप येतं ते. विश्वा काही म्हणाला नाही. नुसती मान हलवली.

आता बोटीचं सांगतो, कारण जागा समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फेरीबोटीला दोन मजले. खालच्या डेकवर गाड्या, ट्रक, माल. वरच्या डेकवर माणसांची बाकं. पण खालीही एका बाजूला पत्र्याच्या भिंतीला लागून एक लांब लोखंडी बाक होतं. ज्यांना समुद्र लागतो ते तिथं बसायचे, कारण खाली हेलकावे कमी बसतात. त्या दिवशी तिथं मी एकटाच होतो. आइसबॉक्स पायाशी. समोर सात-आठ हातांवर सिमेंटच्या विटा भरलेला एक ट्रक, साखळ्यांनी बांधलेला.

किंग्सटाउनचा किनारा मागे पडला. बंदराच्या आत पाणी शांत असतं. दोन बेटांच्या मधल्या उघड्या समुद्रात आलं की वारा आडवा लागतो आणि बोट डोलायला लागते. ती तशी डोलायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली आहे.

ती केव्हा आली, ते मी पाहिलं नाही. इथपर्यंत काहीच विशेष नाही, मी मोबाईलमध्ये बघत होतो. विशेष हे, की तिच्या अंगावर हिरवं इरकली लुगडं होतं. नऊवारी, काष्टा घातलेलं. डोक्यावरून पदर. कपाळाला हे एवढं कुंकू. सेंट व्हिन्सेंटला दीडेकशे वर्षांपूर्वी मजूर म्हणून नेलेल्या भारतीय लोकांची नातवंडं-पतवंडं आहेत, पण ती आता फ्रॉक आणि पँट घालतात, इंग्रजी बोलतात, आणि त्यांचे पूर्वज काही आपल्या भागातले नव्हते. लुगडं नेसलेली बाई मी तिथं दोन वर्षांत पाहिली नव्हती. उदगीरच्या बाजारातून उचलून आणून बसवावी तशी ती दिसत होती.

ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली,

"तू दुसरा होय?"

मराठीत. आपल्या मराठीत.

मला खरं सांगायचं तर आनंदच झाला आधी. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की जो होतो तो. मी सरकून जवळ गेलो. "आजी, तुम्ही कुठल्या? इथं कशा?"

तिनं ते ऐकलंच नाही. "त्यो मुरुडचा न्हाई आला?"

"विश्वा? तुम्ही ओळखता त्याला?"

"मागल्या बेस्तरवारी हितंच बसला हुता." बेस्तरवार म्हणजे गुरुवार, आमच्याकडची जुनी माणसं असंच म्हणतात. माझी आजी म्हणायची. "म्या सांगितलं की त्याला. येत्या बेस्तरवारी दोघंबी पान्यावर येऊ नका. दोघंबी, म्हनलं. सांगितलं न्हाई तुला?"

"न्हाई," मी म्हणालो.

"न्हाई सांगितलं?"

"त्यानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. म्हणून मी आलो."

म्हातारीनं माझ्याकडे जे बघितलं ना... मी अजून विसरलो नाही. घाबरवणारं काहीच नव्हतं त्यात. आपल्या घरातल्या माणसाबद्दल वाईट काही ऐकल्यावर बायका जशा हनुवटीवर हात ठेवून गप्प होतात, तशी ती झाली. "न्हाई सांगितलं," स्वतःशीच म्हणाली. मग एकदम, "ऊठ. वर जा."

"पण काय होणार आहे, आजी?"

"ऊठ म्हनलं की उठावं लेकरा. जा वर. म्या येते मागून."

मी उठलो. घाबरून उठलो, असं म्हणता येणार नाही. एक तर म्हाताऱ्या माणसानं दरडावून सांगितलं की आपले पाय आपोआप हलतात. दुसरं म्हणजे मला राग आला होता, पण तो विश्वाचा. माझा समज असा झाला की या म्हातारीनं मागच्या आठवड्यात काहीतरी भाकीत सांगितलं, हा घाबरला, आणि मला न सांगता मला पाठवून दिलं. वर मोबाईलला रेंज असेल तर त्याला आत्ताच्या आत्ता शिव्या घालाव्यात म्हणून मी तो लोखंडी जिना चढलो. आइसबॉक्स तिथंच राहिला.

रेंज नव्हती. मी कठड्याला धरून उभा होतो, फोन वर करून. तेवढ्यात बोट एका मोठ्या लाटेवर चढली आणि एका अंगावर इतकी कलली की वरच्या बाकांवरच्या बायका किंचाळल्या. खालून आवाज आला. आधी साखळी तुटल्याचा — बंदुकीसारखा. मग पत्रा चेपल्याचा, लांबलचक.

खाली धावत गेलो. ट्रक घसरून भिंतीला जाऊन भिडला होता. लोखंडी बाक मधोमध वाकून भिंतीत घुसलं होतं. माझा आइसबॉक्स... त्याचं प्लॅस्टिकचं झाकण तेवढं ओळखू आलं. बाकीचा पापड झाला होता.

मी ओरडायला लागलो, "देअर वॉज अ लेडी! ओल्ड लेडी!" डोक्याला पिवळा रुमाल बांधलेला एक खलाशी वाकून ट्रकखाली बघायला लागला. दोघा-तिघांनी बघितलं. कुणी नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता. बेक्वेच्या धक्क्यावर पोलीस आले, बोटीवरची सगळी माणसं मोजली, तिकिटांशी जुळवली. बरोबर भरली. मी त्या पिवळ्या रुमालवाल्याला पुन्हा पुन्हा विचारलं, हिरव्या कपड्यातली म्हातारी, माझ्याशेजारी बसली होती, तू त्या बाजूलाच होतास ना? तो म्हणाला, "तू एकटाच होतास. बोलत होतास खरा. मला वाटलं फोनवर बोलतोयस."

सात वाजून पाचेक मिनिटांनी ट्रक घसरला. ही वेळ लक्षात ठेवा.

धक्क्यावर आल्यावर फोनला रेंज आली. लॅबमधून एकामागून एक मिस्ड कॉल. बातमी रेडिओवर लागली होती. घरमालकिणीचाही एक कॉल होता. विश्वाचा एकही नव्हता.

मी त्याला फोन केला नाही. कुणालाच सांगितलं नाही, फक्त लॅबला कळवलं की मी ठीक आहे, विश्वाला मीच सांगतो, आणि दुपारच्या दुसऱ्या बोटीनं परत आलो. आमचं घर किंग्सटाउनच्या वरच्या टेकडीवर, दोन खोल्यांचं. चढ चढताना मी मनात त्याचीच बाजू घेत होतो. त्याला काय माहीत ट्रक घसरणार म्हणून? घाबरला असेल. मूर्खपणा झाला असेल. माणूस आहे.

दार उघडंच होतं. विश्वा फरशीवर बसला होता. त्याच्यासमोर माझी सूटकेस. भरलेली. माझे शर्ट घडी करून, पँटी घडी करून. सर्टिफिकेटांची फाइल. बाबासाहेबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवलेला, काच फुटू नये म्हणून. सगळ्यात वर माझा पासपोर्ट.

त्यानं मान वर केली. माणूस वाचून परत आला की समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचा तसा झाला नाही. तो भ्याला. मला बघून भ्याला. मग म्हणाला, "आलास?" आणि हमसून रडायला लागला.

मी सूटकेसकडे बोट दाखवलं. "हे काय करून राहिलास?"

त्यानं पासपोर्ट उचलून फाइलखाली सरकवला.

"विश्वा, मला ती म्हातारी भेटली."

त्याचं रडणं एकदम थांबलं.

"दोघांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं तिनं. दोघांनी. मला काहून सांगितलं नाहीस?"

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर हसला असतास तू. तू कुठं मानतोस असलं?"

"हसलो असतो. हसून गेलो असतो, नाहीतर नसतो गेलो. ते माझं मी बघितलं असतं."

"मला पोरगी हाय रे मिल्या."

"मला आई आहे."

मी सूटकेस उचलली. भरलेलीच होती, तेवढं काम वाचलं. घरमालकिणीकडं दोन दिवस राहिलो, मग लॅबजवळ एक खोली बघितली. बेक्वेला पुन्हा कधी गेलो नाही. चार महिन्यांनी करार संपला आणि बार्बाडोसमार्गे परत आलो. त्या चार महिन्यांत एकाच लॅबमध्ये एकाच मशीनवर आम्ही कामापुरतं बोललो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे नाही. त्या रात्री मी आईला फोन केला, नेहमीसारखा, काही झालं नाही असं दाखवत. आई म्हणाली, "विश्वाचं बरं हाय ना रे? काल दुपारी फोन आला हुता त्याचा. लई रडून राहिला हुता. म्हनला, काकू, मी बी तुमचाच लेक हाय, काही लागलं तर मला सांगायचं. मी म्हनलं, आरं, झालं काय? तर ठेवून दिला."

माझ्या बहिणीला मी आईच्या मोबाईलवर वेळ बघायला लावली. त्याचा फोन आला तेव्हा मुखेडला चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथली आणि इथली वेळ साडेनऊ तासांनी वेगळी. म्हणजे तिकडे सकाळचे सहा वाजून पन्नास.

ट्रक घसरला सात-पाचला. सहा-पन्नासला मी त्या बाकावर बसून मोबाईलमध्ये बघत होतो. धडधाकट होतो. म्हातारीही अजून आली नव्हती. आणि विश्वा माझ्या आईला तिचा दुसरा मुलगा म्हणून फोन करत होता.

आल्यावर मी नांदेडला लागलो. लोकांनी विचारलं की सांगायचो, हवामान मानवलं नाही. आईला यातलं आजही काही माहीत नाही. विश्वा तिकडेच आहे. वर्षा-दोन वर्षांनी मुरुडला येतो आणि आला की मुखेडला माझ्या आईला भेटून जातो. कधी औषधं, कधी साडी. तो येणार कळलं की मी नांदेडहून जायचं टाळायचो. आई म्हणायची, तुमची वेळच कशी जुळत न्हाई रे.

यंदा मे महिन्यात जुळली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी रजा टाकून मुखेडला होतो. दुपारी दारात रिक्षा थांबली आणि विश्वा उतरला, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. केस पांढरे झालेत त्याचे. पोरगी गोड आहे. आईच्या हिरव्या पट्टीकडे बघून लगेच विचारायला लागली, दुखतं का, काढून दाखव ना. आईनं तिला जवळ घेतलं. मला उठून जाता येईना.

विश्वा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं मीही गेलो. शेवटी सहा वर्षं झाली होती.

"मिल्या, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला.

"काही राहिलेलं नाही."

"ती म्हातारी 'दोघंबी येऊ नका' असं म्हनली न्हवती."

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"मला म्हनली, तुमच्या दोघांतला एक जाईल. येत्या बेस्तरवारी, याच बोटीवर. कोन, ते तू ठरीव."

"हे तेव्हा का नाही बोललास?"

"तू म्हनलास, तिनं दोघांसाठी निरोप दिला हुता. मला वाटलं, हेच बरं हाय. निरोप दिला न्हाई, एवढाच गुन्हा. खरं सांगितलं असतं तर..."

"आणि तू ठरवलंस."

"आठ दिस ठरवून राहिलो."

आतून त्याच्या पोरीच्या हसण्याचा आवाज येत होता. मी आणखी एक विचारलं. विचारायला नको होतं. "खालच्या डेकवर बस, असं का म्हणालास?"

"तुला उलटी होईल म्हून." मग हळू म्हणाला, "तसंच वाटतंय मला. पन आता मलाच नक्की सांगता येईना."

त्यानंतर तो अर्धा तास होता. चहा घेतला, आईच्या पाया पडला, गेला. आई म्हणाली, "किती वाळलाय रे पोरगा. काय दुखनं हाय का त्याला?" मी म्हणालो, माहीत नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करतो आहे. माणूस खोटं बोलतो ते स्वतःला सोडवायला. हा तर सुटलेला होता. मी त्याला न दिलेल्या निरोपापुरतं दोषी धरलं होतं, तेवढ्यावर तो आयुष्य काढू शकला असता. तो स्वतःहून येऊन मोठा गुन्हा कबूल करून गेला. म्हणून मला तो खरा वाटतो. मग म्हातारी माझ्याशी खोटं का बोलली? मला बाकावरून उठवायला? तेवढ्यासाठी नुसतं "ऊठ" पुरलं असतं, मी उठलोच होतो. त्याचं नाव घेऊन, "दोघंबी" दोनदा म्हणून, हनुवटीवर हात ठेवून माझ्याकडे तसं कशाला बघायचं? आणि त्याला ठरवायला लावून शेवटी मलाही वाचवायचं होतं, तर आठ दिवस त्या माणसाच्या डोक्यात ते भिजत कशाला ठेवायचं? का ती दोघांशीही खरं तेच बोलली आणि आम्हीच आपापल्याला हवं ते ऐकलं? ती कोण होती? सातासमुद्रापलीकडच्या बोटीवर इरकली लुगडं नेसून आमच्या दोघांच्या गावाची भाषा बोलायला तिला कुणी पाठवलं होतं?

या सदराच्या वाचकांपैकी कुणी त्या बेटांवर काम केलं असेल, कुणाला तिकडं असलं माणूस भेटलं असेल, तर मला ऐकायला आवडेल. अण्णा असते तर म्हणाले असते, समुद्र लागला की माणसाला भास होतात. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं. पण भास एकाला होतो. आम्ही दोघांनी, आठ दिवसांच्या अंतरानं, तीच बाई त्याच बाकावर पाहिली.

म्हातारीचं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही. विश्वाचं मिळालं. ते नसतं मिळालं तर बरं झालं असतं.